नागपूरहून, नव्या जबाबदारीविषयी

नागपूर

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
सप्रेम सलाम.

बाबा, मागच्या पत्रात तुम्ही विचारलेत की, ख्रिस्ती प्रचारकांची पर्यवेक्षक हे पदाचे नाव समजले, पण दिवसभर तू नेमके करतेस काय. आणि आई, तू त्याच पत्राच्या समासात लिहिलेस की, आपल्याहून मोठ्या माणसांवर देखरेख करायची तर जीभ सांभाळ. दोघांच्या बोलण्याचा रोख मला एकाच ठिकाणी जाताना दिसतो, म्हणून उत्तरही एकत्रच लिहिते.

जालन्याचे माझे काम सांगायला सोपे होते. सकाळी घरभेटी, दुपारी बायकांचा वर्ग, संध्याकाळी कुणाच्या तरी अंगणात प्रार्थनासभा. येथे तेच काम माझे सहकारी करतात, आणि त्यांना ते नीट करता यावे एवढ्यासाठी मी आहे. शहरातल्या दोन वस्त्या, शिवाय कामठी, सावनेर, काटोल आणि उमरेड असा हा भाग आहे. रविवार आमचा कामाचा आणि सोमवार विश्रांतीचा, म्हणून मंगळवारी सगळे नागपुरात जमतात. प्रार्थना होते, आठवड्याची हकीकत होते, प्रवासखर्चाच्या पावत्या होतात आणि पुढचे वेळापत्रक ठरते. हे वेळापत्रक कागदावर आखून चालत नाही, हे मला येथे आल्यावर समजले. उमरेडला बरीच कुटुंबे कोळसा खाणीच्या पाळ्यांवर जगतात, त्यामुळे या आठवड्यात संध्याकाळी भरलेली सभा पुढच्या आठवड्यात रिकामी राहते. काटोलकडे संत्र्याची तोड सुरू झाली की रात्री आठच्या आत कुणी घरी सापडत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की भर दुपारी कुणाच्या दारात जाणे म्हणजे त्या घराला त्रास देणेच असते. त्या दिवसांत आम्ही घरभेटी सकाळी दहाच्या आत आटोपतो. आपल्या नगरच्या उन्हाची सवय मला आहे, पण हे ऊन वेगळे आहे.

आता आईचा मुद्दा. उमरेडचे काका माझ्या जन्माच्या आधीपासून या कामात आहेत आणि आता त्यांचा महिन्याचा अहवाल माझ्याकडे येतो. पहिल्या बैठकीत मी छापील फॉर्म वाटले, तेव्हा त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि सदऱ्याच्या खिशातून एक छोटी वही काढली. पावसात भिजू नये म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली आणि वरून रबर लावलेली होती. तीत घरोघरचे सगळे होते: कुणाला बाळ झाले, कुणी दारू सोडली, कुणी पुन्हा धरली, कुठल्या दोन भावांत विहिरीवरून अबोला आहे. काका म्हणाले, "ताई, या दोन भावांचा अबोला मी तुमच्या कोणत्या खान्यात लिहू?" प्रश्न बरोबर होता. फॉर्मात भेटींचा आकडा मागितला आहे. पैसे देणाऱ्यांना आकडा लागतो आणि तो आपण दिलाच पाहिजे, असे माझे मत आहे. परंतु आकड्यावरून काम ओळखायला गेले तर जो धावत पळत वीस दारे वाजवून येतो तो हुशार ठरतो आणि जो एका आजाऱ्यापाशी दुपारभर बसतो तो आळशी. म्हणून आता फॉर्मामागे एक कोरा कागद जोडलेला असतो. काका वाचून दाखवतात आणि त्यांच्या वतीने मी लिहून घेते. बैठकीत पहिले बोलणे त्यांचे, हेही ठरून गेले आहे.

येथे येताना निरोपाच्या कार्डांवर जवळजवळ प्रत्येकाने बायबलमधल्या, पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले एकच वचन लिहून दिले होते: कोणी तुझे तारुण्य तुच्छ मानू नये. चौथ्या अध्यायातले ते वचन मलाही पाठ आहे. पण त्याच पत्रातला पाचवा अध्याय ज्या वाक्याने सुरू होतो, ते कुणीही लिहून दिले नाही. वडील माणसाला टाकून बोलू नको, त्याला बापासारखा मानून सांग, असे पौल तेथे म्हणतो. मला रोज उपयोगी पडते ते हे दुसरे. तरुण माणसाला मान मिळावा याची काळजी पौलाने एका वाक्यात केली आणि लगेच त्या तरुणाने मान कसा द्यावा याकडे तो वळला, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

उदाहरण सांगते. काकांना उमरेडच्या सभेसाठी नवा स्पीकर हवा होता आणि या वर्षीच्या हिशेबात त्याला जागा नव्हती. नकार द्यायचाच होता. प्रश्न होता तो कुठे द्यायचा. बैठकीत सर्वांसमोर तो दिला असता तर तो तीस वर्षांच्या मुलीने साठीच्या माणसाला दिलेला नकार झाला असता. मी एसटीने उमरेडला गेले, त्यांच्या ओसरीवर बसले आणि खर्चाची वही त्यांच्यापुढे उघडली. त्यांनी चष्मा लावून पान न् पान पाहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग आत वळून काकूंना चहा टाकायला सांगितला. चहा पिता पिता म्हणाले, ही वही सगळ्यांनाच दाखवत जा. आता महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी हिशेब मोठ्याने वाचला जातो. त्यामुळे कुरकुर संपली असे नाही, पण जी होते ती खरी रक्कम माहीत असलेल्या माणसांची असते.

तरुण सहकाऱ्यांची अडचण वेगळी आहे. ही मुले लहान गावांतून आली आहेत, जेथे लोक प्रचारकाचे बोलणे निमूट ऐकून घेतात. नागपूर तसे नाही. याच शहरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि त्याआधी अनेक वर्षे त्यांनी धर्मांचा अभ्यास केला होता. त्यामुळे येथल्या कितीतरी घरांत धर्म हा विचार करून स्वीकारायचा विषय आहे; एखादी आजीबाईसुद्धा पाण्याचा पेला हातात देता देता विचारते की, तुमच्या मंडळीत जात उरली नाही का, खरे सांगा. या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर चालत नाही. मी मुलांना सांगितले आहे की, उरली आहे तेथे उरली आहे म्हणा, आणि बोलण्याआधी ऐका. बोलावणे असेल त्याच घरी प्रार्थना करायची, नव्या वस्तीत जाण्याआधी तेथल्या जाणत्या माणसांना कळवायचे, आणि शिकवणी असो की औषधाची मदत, तिच्या बदल्यात कुणाकडून कसलीही अपेक्षा दाखवायची नाही, हे तीन नियम मी कडकपणे पाळून घेते. यावरून काहींना मी जरा जास्तच सावध वाटते. वाटू दे.

बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून लिहिते. येथे हिस्लॉप म्हटले की लोकांना कॉलेज आठवते. तो माणूस कुणाच्या फारसा ध्यानात नाही. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी 1845 मध्ये स्कॉटलंडहून येथे आले तेव्हा तिशीच्या आतलेच होते, आणि नागपूर अजून भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी पुढच्याच वर्षी शाळा काढली. पण शाळा, उपासना, पत्रव्यवहार हे सगळे सांभाळून ते दगड आणि जीवाश्म गोळा करीत, गोंड लोकांची गीते लिहून घेत. 1863 मध्ये टाकळघाट-बोरीच्या बाजूची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. माझा समज असा की, कामाबाहेरचे असे एखादे वेड असल्याशिवाय माणसाला इतकी वर्षे जबाबदारी पेलवत नाही. माझे वेड अजून ठरायचे आहे. तूर्त सोमवारी दुपारी झोपते.

आणि आजोबा ज्याविषयी सांगत, ते ऑल सेंट्स कॅथेड्रल सदर भागात आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) येथे, नागपुरात, स्थापन झाली. निरनिराळ्या पद्धतींनी उपासना करणाऱ्या लोकांना एका नियमावलीखाली आणायला चाळीसएक वर्षे बोलणी चालली होती म्हणतात. आमच्या मंगळवारच्या बैठकीत चहा साडेदहाला की अकराला यावर झालेला वाद आठवला की, त्या वडीलधाऱ्यांविषयी माझा आदर वाढतो.

आई, डबा लावलेला आहे आणि जेवण वेळेवर होते. तब्येतीला काही झालेले नाही, फक्त कूलरच्या वाऱ्याने सकाळी घसा बसतो.

बाबा, एक काम आहे. तुम्ही मुख्याध्यापक असताना शाळेची कीर्द आणि खतावणी ज्या पद्धतीने ठेवत होतात, ती आमच्या खजिनदार मुलाला शिकवायची आहे. मुलगा प्रामाणिक आहे, पण आगाऊ दिलेली रक्कम आणि झालेला खर्च तो एकाच रकान्यात लिहितो. तुम्ही दोघे डिसेंबरच्या सुरुवातीला या. नंतर नाताळच्या धावपळीत मला कुणाशी बोलायला फुरसत राहणार नाही. महाराष्ट्र एक्स्प्रेस आपल्या नगरहून थेट येते, गाडी बदलावी लागत नाही. तारीख कळवलीत की खालच्या बर्थची दोन तिकिटे मी येथून काढते. उमरेडच्या काकांनी जेवायला बोलावले आहे, आणि आपल्यालाही हिशेबाची वही बाबांना दाखवायची आहे असे त्यांनी आधीच बजावून ठेवले आहे.

तुमची,
धाकटी