दगडावरची पाच नावे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला मराठी मुद्रणाच्या सुरुवातीवरचा लेख आवडला. एक दुरुस्ती मात्र सुचवतो. मुंबईत अमेरिकन मिशनचे काम सुरू करणारा गॉर्डन हॉल ‘गवताच्या गंजीआड प्रार्थना करणाऱ्या पाच विद्यार्थ्यांपैकी एक’ असल्याचे लेखात म्हटले आहे. तो त्या पाचांत नव्हता. ती पाच नावे मी दगडावर वाचून आलो आहे. उभा जन्म छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवण्यात गेल्यामुळे नावाच्या बाबतीत माझी नजर सहसा चुकत नाही.

धाकटी लेक मॅसॅच्युसेट्समध्ये असते. तिच्याकडे गेलो तेव्हा हट्टाने विल्यम्स कॉलेज बघायला गेलो. बर्कशायरच्या डोंगरातले लहानसे गाव, कॉलेज १७९३चे. तिथल्या हिरवळीवर संगमरवरी स्तंभ आहे. माथ्यावर पृथ्वीचा गोल आणि त्याखाली कोरलेली गवताची गंजी. ऑगस्ट १८०६मध्ये पाच पोरे उघड्यावर प्रार्थनेला जमली होती. वादळ आले म्हणून ती गंजीच्या आडोशाला बसली आणि आशियात धर्मप्रचारक पाठवायची गोष्ट तिथे निघाली. मिल्स, रिचर्ड्स, रॉबिन्स, लूमिस आणि ग्रीन ही त्यांची नावे.

यातली गंमत अशी की, लूमिसला ही कल्पनाच पटली नव्हती. तरी दगडावर त्याचे नाव आहे. हॉल तेव्हा त्याच कॉलेजात शिकत होता, १८०८मध्ये पदवीधर झाला, १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरला आणि १८२६मध्ये नाशिकहून परतताना पटकीने गेला. दगडावर त्याला जागा नाही, कारण त्या दुपारी तो गंजीपाशी नव्हता.

बरे, गंजी नेमकी कुठे होती? सुमारे अर्धशतक कोणी तिथे खूणही ठेवली नव्हती. पाचांपैकी बायरम ग्रीन हयात होता. त्याने १८५४मध्ये जागा दाखवली आणि कोण कोण होते तेही सांगितले. स्तंभ उभा राहिला १८६७मध्ये. म्हणजे एका म्हाताऱ्याची आठवण आणि ती टिपून घेणारे चार शहाणे लोक, एवढ्यावर हा इतिहास उभा आहे. ग्रीन थोडा आधी गेला असता तर आज दगड कुठे रोवला असता कोण जाणे.

कॉलेजच्या दप्तरखान्यातही डोकावलो. तिथे जन्मभर काळ्या राहिलेल्या हातांनी मी शिसपेन धरली, कारण शाईला आत मज्जाव. बॅग बाहेर, आणि एका वेळी एकच खोका. मिशनची मूळ पत्रे इथे नाहीत. हॉलला पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे ते दप्तर हार्वर्डच्या हाउटन ग्रंथालयात आहे. पण या कॉलेजने आपली पोरे कुठे गेली याचा माग ठेवला. कॅल्विन डर्फी यांनी १८७१मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या चरित्रांचा ग्रंथच छापला. एखादा जन्मभर खेड्यात पाद्री राहिला, तरी त्याच्या वाट्याला चार ओळी आहेत. (१८२१मध्ये कॉलेजचे अध्यक्षच काही विद्यार्थी घेऊन डोंगरापलीकडच्या नव्या ॲमहर्स्ट कॉलेजात गेले. जाताना ग्रंथालयातली पुस्तकेही पळवली, अशी दंतकथा दोन्हीकडचे लोक अजून चवीने सांगतात.)

धर्मांतराच्या त्या खटाटोपाबद्दल मला आस्था नाही. मी गेलो खिळ्यांच्या ओढीने. हॉलच्या मिशनने मुंबईत छापखाना घातला, १८१७पासून त्यात मराठी छपाई होऊ लागली. आमच्या धंद्यात ज्यांना गुरू मानतात ते गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजी त्याच छापखान्यात हात बसवून बाहेर पडले. दोघांनी पुढे स्वतःचे छापखाने काढले म्हणून त्यांची नावे उरली. त्यांच्या शेजारच्या केसवर, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीपाशी, उभे राहून ओळी जुळवणारे कोण होते? त्यांना गंजी नाही की ग्रीन नाही.

माझे वडील छापखान्यात फोरमन होते. त्यांची हजेरीवही माझ्याकडे आहे. आडव्या ओळींत कामगारांची नावे, अर्ध्या दिवसाच्या खुणा, सणाआधी घेतलेली उचल. जुळाऱ्यांच्या सह्या आहेत, ट्रेडल, म्हणजे पायाने चालणारे छपाईयंत्र, मारणाऱ्यांचे अंगठे आहेत. अंगठ्यासाठी शाई वेगळी आणावी लागली नसणार, रूळावरचीच दिसते. एका पानावर चार ओळींपुढे एकच अंगठा आहे. बाकी तिघे त्या दिवशी आले नव्हते की वडिलांनी त्यांचे पैसे राखून ठेवले, हे विचारायला आता कोणी नाही.

ही वही मी इकडच्या एका कॉलेजला देऊ केली. ग्रंथपाल सज्जन होते. त्यांनी चहा पाजला आणि विचारले, “काका, किंमत नाही, प्रकाशक नाही, दाखल करू कशी?” दुसऱ्या कॉलेजात सांगितले, स्कॅन करून पाठवा, मूळ प्रत नको. वही पुन्हा ट्रंकेत गेली.

आपल्या वाचकांत एखाद्या कॉलेजचे प्राचार्य असतील आणि कपाटाचा एक कप्पा रिकामा असेल, तर कळवावे. वही मी स्वतः आणून देईन. सोबत जुळलेल्या ओळी ठेवायच्या चार गॅल्या (लांबट तबके) आणि तुटक्या मात्रांचा एक डबाही आहे, तोही देईन. माझी अट एकच. कृपा करून पानांना लॅमिनेशन करू नका.

आपला,
एक निवृत्त जुळारी