बसून करायचं काम

तळेगाव दाभाडे,
१४ जून

ती. आई आणि अण्णा यांना शि. सा. नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर मी विषय काढला की आईला चुलीवरचं दूध आठवतं नि अण्णा फोन धाकट्याच्या हातात देतात. म्हणून लिहितेय. अण्णा, तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मधलं काही गाळू नका.

आई, रोपवाटिकेत बी टोकायचं यंत्र आलंय हे मला पाडव्यालाच कळलं होतं. पण तुला ट्रे उचलायला लावलंय, हे परवा वहिनीनं सांगितलं. दोन महिने तू मला "काम तेच हाय की, जरा उभ्यानं" एवढंच सांगत होतीस. उभ्यानं म्हणजे काय ते मला कळतं गं. ओले ट्रे दोन-दोन उचलायचे, शेडनेटखाली नेऊन मांडायचे, गाडी आली की परत उचलून भरायचे. सत्तावन्न वर्षांच्या कमरेला ते काम नव्हे.

यंत्रावर माझा राग नाही. १०४ कप्प्यांचा ट्रे, एकेका कप्प्यात एकेक बी, असे तू दिवसाला सव्वाशे ट्रे करायचीस. यंत्राची सुयांची रांग हवेच्या ओढीनं एकेक बी उचलते आणि तेवढे ट्रे जेवणाच्या सुट्टीआधी उरकून टाकते. मालकानं ते का आणलं हे मला समजतं. दहा ग्रॅमच्या पाकिटात टोमॅटोच्या तीन हजाराच्या आसपास बिया, त्याचा भाव तुला माहीत आहे. आणि आष्ट्याच्या तरण्या पोरी आता टोकणीला येत नाहीत, हेही खरं.

मला बोचतं ते वेगळं. रोपवाटिकेत बसून, सावलीत करायचं काम एकच होतं, बी टोकायचं. म्हाताऱ्या बायका, बाळंतपणातून उठलेल्या, गुडघे गेलेल्या, सगळ्या त्या एका ताडपत्रीवर मावायच्या. यंत्रानं नेमकं तेच काम घेतलं. वाकायचं, उचलायचं, उन्हात मांडायचं काम माणसांना ठेवलं, कारण त्याला यंत्र आणणं अजून महाग पडतं. बाई वर्षावर्षानं थकते आणि काम मात्र जड होत जातं.

तशी तुझी ताडपत्री तरी कुठं पूर्वापारची होती? मी चौथीत असताना मिरची-वांग्याची रोपं ज्याच्या त्याच्या गादीवाफ्यावर व्हायची. उसाची दोन डोळ्यांची टिपरी थेट सरीत पडायची. बियाणं संकरित आणि महाग झालं, प्लॅस्टिकचे ट्रे आले, दक्षिणेतून कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, विटा यायला लागल्या, तेव्हा कुठं रोप विकत घ्यायची चाल पडली. उसाचंही तेच. आता एका डोळ्याचं रोप. साडेचार बाय दोन फुटांवर लावलं तरी एकराला ४,८०० च्या आसपास रोपं लागतात. म्हणजे तुला काम दिलं तेही एका नव्या तंत्रानंच. त्या कामावर माझं बी.एस्सी. ॲग्री झालं, हे मी विसरलेले नाही.

अण्णा, तुमचं ऐकून तर मला हसूच आलं आणि मग वाईट वाटलं. टायमर लावल्यापासून तुम्हाला झारा सोडून गेटवर बसवलंय म्हणे. तुम्ही पाणी द्यायच्या आधी ट्रे एका हातानं उचलून वजन बघायचा. कोपऱ्यातले ट्रे लवकर सुकतात म्हणून त्यांना एक हात जास्त द्यायचा. टायमरला कोपरा कळत नाही आणि ढगाळ दिवसही कळत नाही. पावसाळी हवेत ठरल्या वेळेला पाणी पडत राहिलं की रोपं बुडख्याशी कुजून आडवी होतात. आमच्याकडच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये कंट्रोलर आहे. आर्द्रता घटली की धुकं फवारणारे फॉगर आपोआप सुरू होतात, खताच्या पाण्याचा सामू म्हणजे आंबटपणाही तोच जुळवतो. तरी रोज सकाळी मी बोट घालून मुळाशी ओल बघते. ही तुमची सवय.

आता जे फोनवर सांगता येत नव्हतं ते. तो कंट्रोलर बसवला तेव्हा पाणी नि खत बघणाऱ्या चार बायका कमी करायचं ठरलं. यादी मी केली. साहेबांनी विचारलं, "कोण कमी चपळ आहे?" आणि मी वय बघून नावं लिहिली. त्यांतली एक तुझ्याच वयाची होती, आई. शेवटच्या दिवशी तिनं मला डब्यातली चटणी दिली आणि "पोरी, तुझा काय दोष" म्हणाली. फुलं तोडायला आमच्याकडं अजून माणसंच लागतात, सकाळ-संध्याकाळ. तिला तिकडं वळवता आलं असतं. मी तसं विचारलंसुद्धा नाही. तुला ट्रे उचलायला लावल्याचं ऐकलं तेव्हा पहिल्यांदा मला ती चटणी आठवली.

म्हणून आता तुमच्यासाठी तरी विचारायचं ठरवलंय. यंत्रातून ट्रे निघाला की चार-सहा कप्पे रिकामे राहतात, एखाद्यात दोन बिया पडतात. ते बघून हातानं भरायला माणूस लागतोच, आणि ते काम बसून होतं. झेंडूचं बी शेपटीचं, ते सुईला नीट धरत नाही. दसऱ्याच्या झेंडूचे ट्रे याच महिन्यात सुरू होतील. वांग्या-टोमॅटोची कलमं मालक करणार आहे असं धाकटा म्हणाला. जपानमध्ये कलमं करायची यंत्रं १९९० च्या दशकातच आली, पण त्यांनाही खुंट नि काडी हातात द्यायला माणसं लागतात. आपल्याकडं तर सगळं ब्लेड नि क्लिपवरच चालतं. तुझे हात त्याला उत्तम आहेत, डोळ्यांचं काय ते बघून घेऊ. मालकाशी भांडायचं नाही, एवढंच म्हणायचं की बसायची जागा आधी जुन्या बायकांना द्या. तू म्हणणार नाहीस, म्हणून मी आल्यावर म्हणेन.

पैशाची काळजी करू नका. लाडक्या बहिणीचे दीड हजार तुझे तुलाच ठेव, घरात घालू नकोस. २०१९ साली कामगारांच्या पेन्शनची योजना आली तेव्हा अट चाळीस वर्षांच्या आतली होती, आणि तू तर पन्नाशी ओलांडलेली. ती चुकली ती चुकलीच. ई-श्रमचं कार्ड मात्र पिठाच्या डब्यातून काढून कपाटात ठेव, त्याला पीठ लागलंय असं वहिनी सांगत होती.

बेंदराला येते. चष्म्याचा जुना नंबर चिठ्ठीवर लिहून ठेव. आणि तोवर ट्रे उचलायचाच झाला तर एकेकच उचल.

तुमची,
थोरली