नाना, तुमचा लांब पेचकस आमच्याकडेच राहिलाय

अमळनेर

श्री. नानांस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. मागच्या वेळी मी नुसती सुरुवात केली, तर तुम्ही चहा अर्धा टाकून चपला शोधायला लागलात. म्हणून आता सगळ्यांच्या देखत लिहितेय. बघू कुठे जाता!

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या आईला कानबाईची (आमच्या खानदेशची देवी) गाणी येतात, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईची येतात, आणि जात्यावरच्या ओव्या मोजायला बसलं तर रात्र सरेल. सगळं अहिराणीत, सगळं तोंडपाठ. कागदावर एक ओळ नाही आणि आई ७८ वर्षांची. हे नीट रेकॉर्ड करून ठेवायचं मी मनावर घेतलं. बारीक आवाजही टिपणारा कंडेन्सर माइक घेतला, तो कॉम्प्युटरला जोडायची पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, घेतला आणि एका दुकानातून नवा कॉम्प्युटर जुळवून आणला. दुकानदार म्हणाला, "म्युझिक म्हणजे मॅडम, मशीन हेवीच पाहिजे." पुढून बंद काच, आत रंग बदलणारे चार पंखे, शिवाय भलंमोठं ग्राफिक्स कार्ड. गणपतीच्या आराशीत ठेवला असता तर पहिला नंबर आला असता.

आई गायला बसली, दोन ओळी म्हणाली आणि थांबली. "हाऊ डबा मन्हासंगे गास का?"

गातच होता तो. हेडफोन लावून ऐकलं, तर आई जिथे जिथे श्वास घेते तिथे तिथे मागून घूंऽऽ भरून येत होतं. मी माझं डोकं चालवलं. डबा लाकडी कपाटात कोंबला, वरून गोधडी टाकली. वीस मिनिटं कशी छान गेली. मग आतली गरम हवा आतच फिरायला लागली आणि प्रोसेसरचा नि ग्राफिक्स कार्डाचा पंखा असे सुटले की शेजारच्या काकू विचारायला आल्या, घरात पिठाची गिरणी टाकली का म्हणून.

काकूंनीच तुम्हाला धाडलं. तुम्ही कॉम्प्युटर उघडलासुद्धा नाही आधी. पिशवीतून तो फूटभर लांब पेचकस काढलात, टोक पत्र्याला टेकवलंत, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून बसलात. भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये मोटरचं बेअरिंग असंच ऐकायचो, म्हणालात. मग पत्रा काढून एकेका पंख्याच्या मधल्या गोलावर बोट टेकवून तो क्षणभर थांबवायचा, ऐकायचं, सोडायचा. पाचेक मिनिटांनी डोळे उघडून म्हणालात, "बेटा, चोर एक नाही. टोळी आहे."

टोळीचा म्होरक्या मला कधी सापडला नसता. त्या चारही रंगीत पंख्यांच्या तारा मदरबोर्डला (आतली मुख्य पाटी, तीच गरमी बघून वेग ठरवते) गेल्याच नव्हत्या, थेट पॉवर सप्लायला जोडल्या होत्या. म्हणजे कायम १२ व्होल्ट, कायम पूर्ण वेग. आत ऊन असो की गारवा, ते आपले पळतायत. तुम्ही चारही काढलेत आणि १४० मिलिमीटरचे दोन लावलेत, चार पिनांचे, मदरबोर्डच्या ताब्यातले. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो, हे तुम्ही गव्हाच्या उफणणीच्या पंख्यावरून समजावलंत. मी नंतर वाचलं की त्याच पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो, आणि १० डेसिबल उतरले की कानाला निम्माच वाटतो. तुम्ही डेसिबल हा शब्द एकदाही काढला नव्हतात.

पुढची काच काढून तिथे मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ताणलात. दिसायला गबाळं दिसतं खरं, पण हवा आत जाते आणि धूळ बाहेर राहते.

ग्राफिक्स कार्डाकडे बघून तुम्ही फक्त हसलात. प्रोसेसरमध्येच पडद्यापुरती सोय होती आणि गाण्याला त्या कार्डाचा उपयोग शून्य. ते विकून आलेल्या पैशांत एसएसडी (आत काहीच न फिरणारी, बिनआवाजाची डिस्क) आली आणि प्रोसेसरवरचा उंच कूलरही आला. जुन्या हार्ड डिस्कची कुरकुर गेली आणि तिच्यामुळे थरथरणारा पत्राही गप्प झाला.

मला मात्र पंखाच नको होता. बिनपंख्याचे कॉम्प्युटर मी व्हिडिओत पाहिले होते ना! त्यावर तुम्ही जे बोललात ते पाठ झालंय. "तिकडे त्यांच्या खोलीत २२ डिग्री असतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी भिंतसुद्धा हाताला चटका देते. ॲल्युमिनियमचा ठोकळा खोलीपेक्षा गार कसा होईल? पंखा राहू दे, फक्त त्याला उड्या मारू देऊ नको." मग तुम्ही बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, बसून पंख्याची चाल बांधून दिलीत. ६० अंशांपर्यंत एकाच संथ वेगानं, त्यापुढे हळूहळू चढ. एकसारख्या आवाजाकडे कान जात नाही, चढउताराकडे लगेच जातो. हे मी आता वर्गातही सांगते, विषय काहीही असला तरी.

शेवटचं काम फुकटात झालं. डबा टेबलावरून उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलात आणि माइकची पाठ त्याच्याकडे केलीत. अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल आपोआप पडतात म्हणे, भिंतींवरून येणारं परत सोडलं तर. हे आधी केलं असतं तरी निम्मं भागलं असतं, असं मी म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "मग पंख्यांचा चोर सापडला नसता."

त्या दिवशी माझ्या तोंडून सहज निघून गेलं की माइकच्या स्टँडला हात लावला की आईला झिणझिण्या येतात. तुमचा चेहराच बदलला. चहा ठेवलात आणि टेस्टर घेऊन थेट मीटरपाशी. आमचं अर्थिंग नावापुरतं होतं. मागच्या अंगणातला खड्डा कोरडा ठाक, उन्हाळ्यात त्यावर कधी कुणी तांब्याभर पाणी ओतलं नव्हतं. तुम्ही भर उन्हात तो उकरून मीठ आणि कोळसा भरलात, पाणी सोडलंत, तार घासून परत आवळलीत. झिणझिण्या गेल्या. आणि रेकॉर्डिंगमध्ये जी एक बारीक हुंम सतत असायची, जिला मी इतके दिवस पंखाच समजत होते, तीही गेली. कॉम्प्युटर राहिला बाजूला, नाना, त्या एका खड्ड्यासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे. त्या स्टँडला दिवसातून दहा वेळा माझ्या आईचा हात लागतो.

आता पहाटे साडेचारला उठतो आम्ही. कूलर बंद, छताचा पंखा बंद, फ्रिजची पिन काढलेली (ती परत लावायची मी दोनदा विसरले, दूध गेलं). आत्तापर्यंत ४१ गाणी झाली. मध्येच सुरतकडे जाणाऱ्या गाडीचा भोंगा येतो, मग ती ओळ परत. आईच्या बांगड्या वाजतात त्या मी काढायला सांगितल्या, तर ती म्हणाली गाणंच काढून टाक मग. राहू दिल्या.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, जेवायलाही थांबला नाहीत. पेचकस मात्र विसरलात, की मुद्दाम ठेवलात कोण जाणे. तो माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि मी तो पोचवायला येणार नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. काकूंना घेऊन या, रोट खा, रात्री गाण्यांना थांबा आणि मग घेऊन जा. माइक लावलेला असेल, त्यामुळे पंखा बंद. सदरा पातळ घाला.

तुमची,
गल्लीच्या टोकाची मास्तरीणबाई