ते चर्च बोर्गुंडचे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नॉर्वेच्या सहलीवरील लेखासोबत एका लाकडी चर्चचा फोटो आला आहे. खाली ओळ आहे : ‘बोर्गुंडचे व्हायकिंगकालीन मंदिर. हजार वर्षे जुने, एकही खिळा नाही!’ एवढ्याशा ओळीत साडेतीन चुका आहेत. मुहूर्त साडेतीन असतात, तशाच.

आधी फोटोचे. मुलीकडे गेलो असताना आम्ही ही दोन्ही चर्च पाहिली, म्हणून खात्रीने सांगतो. फोटोतले चर्च गोल गावचे. ते १८८४-८५ मध्ये उचलून ऑस्लोजवळ बिगडॉय इथे आणून उभारले आणि उभारताना बाहेरचे बरेचसे रूप बोर्गुंडवरून घेतले. त्यामुळे चकायला होते हे मान्य. पण खरे बोर्गुंड लॅर्डालच्या खोऱ्यात आहे. मागे अंगावर येणारे डोंगर, भोवती दफनभूमी आणि थोड्या अंतरावर घंटेसाठी वेगळा लाकडी मनोरा. आपल्या फोटोत यातले काहीच नाही.

बोर्गुंडच्या चर्चसाठी लागलेली झाडे ११८०-८१ च्या हिवाळ्यात तोडली गेली. लाकडातली वर्तुळे मोजून हे ठरवले आहे, त्यामुळे त्यात अंदाजपंचे काही नाही. म्हणजे वय सुमारे ८४० वर्षे. नॉर्वेत ख्रिस्ती धर्म रुजवणारा राजा ओलाफ १०३० मध्ये लढाईत पडला, त्यानंतर दीडशे वर्षांनी हे बांधले गेले. व्हायकिंग तोवर इतिहासजमा झाले होते. वास्तू पहिल्यापासून चर्चच, संत अँड्र्यूच्या नावाचे. छपराच्या टोकांना ड्रॅगनची मुंडकी आहेत म्हणून ते व्हायकिंगांचे ठरत नाही. खालच्या छपरांवर क्रूसही आहेत की. आमच्या सौ.ने मात्र एकावर एक चढलेली ती छपरे पाहून ‘हे तर नेपाळातलं देऊळ’ असे जाहीर केले होते, तेव्हा ‘मंदिर’ या शब्दावर मी फार ताणत नाही.

आता अर्धी चूक, खिळ्याची. मी सुतारांच्या घरातला, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. सांगाड्यापुरते म्हणाल तर ते बरोबर आहे : खाचा, कुसू आणि लाकडी खुंट्या यांवर सगळे पेलले आहे. पण कौतुक खिळ्याचे नाही, पायाचे आहे. याआधीची चर्च खांब सरळ मातीत रोवून बांधत. ओल चढली की बुंधे कुजायचे आणि इमारत बसायची. पुढे दगडांच्या पायावर आडव्या जाड तुळया मांडून, त्यांत खांब आणि उभ्या फळ्यांच्या भिंती बसवू लागले. लाकडाचा मातीशी संबंधच तुटला. आपल्याकडे वाड्याच्या खांबाखाली दगडी उथाळा असतो, तोही याच अनुभवातून आलेला. तिकडे खांबाला ‘स्ताव’ म्हणतात, म्हणून ही ‘स्ताव’ चर्च.

भोवती चहूबाजूंनी पडवी आहे. पाऊस-बर्फ तिने अंगावर घ्यायचा, आतली भिंत कोरडी राहते. आत वर पाहिले तर खांबांमध्ये फुलीच्या आकाराचे आधार आणि सांध्यात अर्धवट कमानीसारखे वाकडे लाकडी तुकडे, जहाजाच्या सांगाड्यात असतात तसे. प्रकाश येतो तो अगदी उंचावरच्या लहान गोल झरोक्यांतून. बाहेरून पाइनच्या मुळा-खोडांपासून काढलेल्या डांबराचे हात वर्षानुवर्षे देत आले आहेत. त्याचा वास दारातच नाकात शिरतो आणि संध्याकाळपर्यंत कपड्यांना राहतो.

पश्चिमेच्या दारापाशी कुणा तोरिरने रून या तिकडच्या प्राचीन लिपीत कोरले आहे की, संत ओलाफच्या (वर आलेला राजा, तोच पुढे संत ठरला) सणाच्या आदल्या संध्याकाळी इथून जाताना आपण ही अक्षरे कोरली. गडावर नाव कोरणाऱ्यांना आपण शिव्या घालतो, या तोरिरचे मात्र अभ्यासक आभार मानतात!

चर्च वाचले कसे, हेही लेखात यायला हवे होते. अशी चर्च नॉर्वेत एके काळी हजारावर असावीत असा अंदाज आहे. आज उरलीत २८. १८५१ च्या कायद्याने गावातल्या ठरावीक हिश्श्याची माणसे चर्चमध्ये मावलीच पाहिजेत असे ठरले, आणि या जुन्या, अंधाऱ्या, लहान वास्तूंवर कुऱ्हाड आली. बोर्गुंडकरांनी १८६८ मध्ये शेजारीच नवे चर्च बांधले, पण जुने पाडले नाही. १८७७ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने ते विकत घेतले. ही संस्था १८४४ ची, म्हणजे तेव्हाच तेहतीस वर्षांची.

त्याच सुमारास वास्तुतज्ज्ञ क्रिस्टियान क्रिस्टी यांनी नंतरच्या शतकांतल्या मोठ्या खिडक्या, बाके आणि सज्जे काढून टाकले. मला हे थोडे खटकते. तीनशे वर्षे ज्या बाकांवर गावकरी बसले, त्यांचाही तो इतिहासच होता. आज आपण पाहतो ते बरेचसे एकोणिसाव्या शतकातल्या माणसाच्या मनातले मध्ययुग आहे. पण तो माणूस नसता तर कदाचित काहीच उरले नसते, हेही तितकेच खरे.

लाकडाचे भय संपलेले नाही. बर्गन शहराजवळचे फान्टोफ्टचे असेच स्ताव चर्च ६ जून १९९२ रोजी जाळले गेले. आज तिथे उभे आहे ती नवी प्रतिकृती, १९९७ मध्ये उघडलेली. पुढच्या लेखात तिला ‘बाराव्या शतकातील’ म्हणू नये एवढ्यासाठी आधीच कळवतो.

दुरुस्ती छापणार असाल तर बोर्गुंडचा मी काढलेला फोटो सोबत पाठवत आहे. उजव्या कोपऱ्यात आमची सौ. आली आहे, तेवढा भाग कापून घ्यावा. तिची परवानगी घेतलेली नाही.

आपला,
एक वाचक, चिपळूण