विणकराचा दंड आणि वार्पिंगची कसूर

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

भिवंडीत यंत्रमागावरच्या विणकराची मजुरी बहुतेक ठिकाणी मीटरवर ठरते, आणि कापड तपासताना उभी रेघ, तुटलेली तार किंवा सैल काठ निघाला की त्या ताग्याचे पैसे त्याच्याच हिशेबातून कापले जातात, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. १९८२च्या संपानंतर गिरणगाव सुटले आणि माझी सगळी नोकरी पुढे भिवंडीच्या सायझिंगमध्ये, म्हणजे मागावर चढण्याआधी सुताला कांजी देणाऱ्या कारखान्यात, वार्पिंग खात्यात झाली. आता निवृत्त होऊन कळव्यात राहतो; पण ओळखीचे सायझिंगवाले काही अडले की बोलावतात, त्यामुळे कशेळीच्या पुलावरून जाणे-येणे अजून चालू आहे. या अनुभवावरून एक गोष्ट आपल्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. विणकराच्या नावावर लागणाऱ्या दंडापैकी पुष्कळसा दंड खरे तर वार्पिंग यंत्राच्या दुर्लक्षित बिघाडांचा असतो, आणि हे बिघाड शोधणे वाटते तितके अवघड नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्रीलवर, म्हणजे सुताचे कोन (शंकूच्या आकाराची बंडले) लावायच्या चौकटीवर, लावलेल्या चार-पाचशे कोनांचे सूत शेजारी-शेजारी, सारख्या ताणाने आणि ठरलेल्या लांबीचे एका बीमवर (मोठ्या रुळावर) गुंडाळणे म्हणजे वार्पिंग. असे सात-आठ बीम सायझिंग यंत्राच्या मागे लावून सगळ्या तारा एकत्र करतात, त्यांना कांजी देतात आणि मग मागावर चढणारा बीम तयार होतो. म्हणजे वार्पिंगमध्ये राहिलेली चूक कांजीसकट वाळून, घट्ट गुंडाळली जाऊन विणकराच्या पुढ्यात येते. तोपर्यंत ती दुरुस्त करण्याची वेळ निघून गेलेली असते.

सर्वांत जास्त तक्रार असते ती तार तुटण्याची. त्यावर आमच्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे टेन्शनरमधली (सुताला ताण देणाऱ्या चकत्यांमधली) एखादी वजनाची वॉशर काढायची नाहीतर यंत्राचा वेग उतरवायचा. दोन्हींनी त्या पाळीपुरते भागते, पण कारण जागच्या जागी राहते. खरे तर प्रत्येक तूट क्रीलच्या कोणत्या बाजूला, कितव्या रांगेत आणि कितव्या कोनावर झाली, एवढे जरी वहीत लिहिले तरी निम्मे काम होते. तूट पुन:पुन्हा एकाच जागी होत असेल तर तिथला कोन काढून दुसऱ्या जागेवर लावावा. तूट कोनाबरोबर नव्या जागी गेली तर दोष सुताचा किंवा वाइंडिंगचा (कोनावर सूत गुंडाळण्याचा) समजावा. जुन्याच जागी राहिली तर तो डोळा (सूत ओवायची कडी), तो टेन्शनर किंवा तो कोनाचा दांडा तपासावा. आणि तुटी संपूर्ण क्रीलवर विखुरलेल्या असतील, तरच वेग, एकूण ताण, खोलीतील हवा किंवा सुताचा लॉट यांच्याकडे वळावे. याचबरोबर तुटलेले टोक बोटांत धरून उजेडात पाहण्याची सवय हवी. टोकाला तंतूंचा विरळ झुपका असेल तर सूत बारीक जागी ओढले जाऊन सुटले आहे, टोक कापल्यासारखे साफ असेल तर वाटेत कुठेतरी धार आहे, आणि गाठ सुटलेली दिसली तर वाइंडिंगवाल्याशी बोलायला हवे.

तुटी मोजण्याची गिरण्यांतली रीतही सोपी होती. ५०० तारांचा १०,००० मीटरचा बीम म्हणजे एकूण ५० लाख मीटर सूत झाले. त्यात १० तुटी झाल्या तर दर १० लाख मीटरमागे २ तुटी. हा आकडा रोज भिंतीवर लिहिला तर कोणत्या दिवशी बिघाड सुरू झाला ते कोणालाही सांगता येते.

दोन वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगतो. एका सायझिंगमध्ये उजव्या बाजूच्या चौथ्या रांगेतली एक तार दर बीमला सात-आठ वेळा तुटत होती. तीन कोन बदलून झाले होते आणि मालकांनी सूत परत पाठवण्यासाठी टेम्पोसुद्धा बोलावला होता. मी त्या जागेच्या चिनीमातीच्या डोळ्यातून कापसाचा बोळा फिरवला, तर खालच्या कडेला चार तंतू अडकून राहिले. नख लावून पाहिले तेव्हा केसाएवढी खाच लागली. वर्षानुवर्षे एकाच जागेवरून पळणाऱ्या सुतानेच ती पाडली होती. डोळा बदलला, टेम्पो रिकामा गेला. (टेम्पोवाल्याने भाडे मात्र सोडले नाही.)

ताणाच्या बाबतीत दोन गोष्टी नेहमी विसरल्या जातात. क्रीलच्या मागच्या टोकाच्या सुताला पुढच्यापेक्षा जास्त डोळ्यांतून आणि जास्त अंतरावरून यावे लागते, म्हणून त्याचा ताण आपोआप वाढतो. सर्वांना सारख्याच वॉशर लावल्या तर बीमवर काही तारा ताठ आणि काही सैल बसतात. म्हणून मागे हलके आणि पुढे जरा जड वजन ठेवावे लागते. दुसरे म्हणजे कोन संपत आला की त्यावरचा ताण चढतो. त्यामुळे भरलेल्या कोनांच्या मध्ये उरलेसुरले अर्धे कोन खपवण्याची जी काटकसर चालते, ती मागावर महाग पडते. टेन्शनरच्या चकत्यांमध्ये मेण आणि फंड (सुतातून उडणारे तंतू) साचून चकती फिरायची थांबली, की तिच्यावर चर पडतात. आठवड्यातून एकदा त्या काढून पुसणे पुरेसे असते.

मला सर्वांत गंभीर वाटणारा बिघाड आहे तो स्टॉप मोशनचा, म्हणजे तार तुटली की यंत्र आपोआप थांबवणाऱ्या योजनेचा. तार तुटताच तिच्यावर टेकलेली ड्रॉप पिन खाली पडून यंत्र थांबले पाहिजे. पण पिनेभोवती फंड जमतो, पावसाळ्यात पत्र्याच्या गाळ्यांत पिनांना गंज चढतो, आणि मग यंत्र कधी उगाच थांबते तर कधी थांबतच नाही. उगाच थांबण्याला कंटाळून कोणीतरी त्या रांगेची वायर काढून ठेवतो आणि ती महिनोन् महिने तशीच लोंबत राहते. पाळीला इतके बीम उतरलेच पाहिजेत असा तगादा असताना कामगाराने तसे केले तर एकट्या त्यालाच बोल लावणे मला योग्य वाटत नाही.

स्टॉप मोशन चालू असूनही ब्रेक झिजलेला असेल तर परिणाम तोच होतो. मिनिटाला ६०० मीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. यंत्र अर्ध्या सेकंदात थांबले तर साधारण अडीच मीटर सूत पुढे जाते. थांबायला पुरा सेकंद लागला तर पाच मीटर. क्रीलच्या तोंडापासून बीमचे अंतर जर चारच मीटर असेल, तर तिथे तुटलेल्या तारेचे टोक तोवर बीमवर जाऊन पुढच्या थरांखाली दबलेले असते. अशा वेळी बीम उलटा फिरवून टोक शोधायला हवे. ते न करता शेजारच्या तारेला गाठ मारून यंत्र चालू केले, की सायझिंगमध्ये ती तार आडवी येते, कांजी लावलेल्या तारा वेगळ्या करणाऱ्या दांड्यांवर शेजारच्या तारांनाही घेऊन तुटते, आणि मागावर तिची उभी रेघ दिसते. त्या रेघेचा दंड मात्र विणकर भरतो.

बीमच्या कडांचेही तसेच आहे. फणीची रुंदी आणि बीमच्या दोन तबकड्यांमधले अंतर जुळले नाही तर काठावर एक तर सूत चढते किंवा खळगा पडतो. भरलेल्या बीमवर मधून कडेपर्यंत अंगठा दाबत गेले तर फरक लगेच हाताला कळतो. ड्रमने फिरणाऱ्या जुन्या यंत्रांत ड्रम आणि बीम यांचे ब्रेक एकाच वेळी लागत नसतील, तर थांबताना ड्रम सुतावर घासतो आणि त्या पट्ट्यातले सूत केसाळ होते.

मीटर मोजणारा रूळ घसरत असेल तर नुकसान थेट मालकाचे आहे, तरी त्याकडे कोणी पाहत नाही याचे मला नवल वाटते. आठ बीमच्या सेटमध्ये एकच बीम १०० मीटर आखूड भरला, तर तो संपताच उरलेल्या सातांवर प्रत्येकी ५०० तारांचे १०० मीटर सूत पडून राहते. ते साडेतीन लाख मीटर होते, आणि ४० नंबरच्या सुती धाग्यात हे वजन पाच किलोंहून अधिक भरते.

पॉलिस्टरसाठी दिवाळीनंतरची कोरडी हवा त्रासाची असते. स्थिर विजेने तारा फुलतात आणि एकमेकींना चिकटतात, तेव्हा ओलावा राखणे आणि स्थिर वीज घालवणारी पट्टी स्वच्छ ठेवणे एवढे तरी करावे. सेक्शनल वार्पिंगमध्ये, म्हणजे तारा एका मोठ्या ड्रमवर पट्ट्यापट्ट्यांनी (सेक्शनने) गुंडाळण्याच्या पद्धतीत, ड्रमच्या उताराशी सेक्शनची सरक जुळली नाही तर कडेच्या तारा घसरतात, हे त्या यंत्रावर काम करणाऱ्यांना सांगायला नको.

आपल्या वृत्तपत्राद्वारे भिवंडीतील सायझिंग आणि यंत्रमाग मालकांना माझी एकच विनंती आहे. वार्पिंगच्या प्रत्येक बीमबरोबर एक चिठ्ठी असावी. तिच्यावर बीमची लांबी, एकूण तुटी, आणि एखादी तार हरवली असल्यास ती किती मीटरवर आणि डाव्या कडेपासून कितवी, हे लिहिलेले असावे. सायझिंगमध्ये या चिठ्ठ्यांवरून एकच नोंद तयार करून ती मागावरच्या बीमबरोबर विणकरापर्यंत पोहोचवावी, आणि दंड लावण्यापूर्वी तपासनिसाने ताग्यातली रेघ त्या नोंदीशी ताडून पाहावी. मी काम करत असताना एका खात्यात आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या करून बीमच्या दांड्याला सुतळीने बांधत होतो. त्याला वेगळा खर्च आला नव्हता.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वार्पिंग जॉबर,
कळवा, जि. ठाणे