सेगोव्हिया, आव्हिला, सालामांका : माद्रिदच्या ताईंना मनापासून

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

घरी आल्यापासून तुम्हाला पत्र लिहायचं मनात होतं. फोनवर आभार मानून झाले, पण तेवढ्याने माझं समाधान होईना. शिवाय हे पत्र सगळ्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. आईवडिलांना घेऊन स्पेनला जाणारी मराठी माणसं आता पुष्कळ आहेत. वयस्कर माणसाबरोबरचा प्रवासाचा दिवस कसा आखावा हे मी तुमच्याकडे पाहिलं, ते त्यांनाही कळायला हवं.

खरं तर आपली ओळखही नव्हती. माद्रिदहून सालामांकाला जायला ठरवलेल्या गाडीवाल्याने आदल्या संध्याकाळी नाही म्हणून कळवलं. वाटेत सेगोव्हिया आणि आव्हिला बघायचं, रात्री सालामांकात मुक्काम, असा बेत होता. मावसभावाने तुमचा नंबर दिला तो फक्त दुसरी गाडी कुठे मिळेल हे विचारण्यापुरता. तुम्ही गाडीचं काही बोललाच नाहीत. "बरोबर कोण आहे?" म्हणालात. मी म्हटलं, बाबा आहेत, गुडघे दुखतात, साखरही आहे. मग तुमचे प्रश्न सुरू झाले. काका किती पायऱ्या चढतात? जेवणाची वेळ काय? अंडं चालतं का? नोकरी कशात केली? शेवटच्या प्रश्नाचं मला नवल वाटलं. मी सांगितलं, पाटबंधारे खात्यात होते, उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. "मग सकाळी आठला तयार राहा. उद्या मी रजा टाकते," असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात.

माद्रिदमध्ये बाबा रोज म्हणायचे, "तुम्ही जाऊन या, मी खोलीवर बसतो." आपल्यामुळे मुलांचा खोळंबा होतो हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. तुमच्या गाडीत बसतानाही त्यांनी तेच बोलून दाखवलं. त्यावर तुम्ही म्हणालात, "काका, आज सगळं तुमच्या चालीने. तुम्ही थकलात की आपण निघायचं, मग काही बघायचं राहिलं तरी चालेल." दिवसभर तुम्ही तो शब्द पाळलात.

ग्वादार्रामाचे डोंगर ओलांडायला आता बोगदा आहे आणि बहुतेक सगळे टोल भरून त्यातूनच जातात. तुम्ही गाडी जुन्या घाटाने घेतलीत. १,५११ मीटरवर, खिंडीत, दगडी सिंह बसवलेला आहे. स्पेनचा राजा सहावा फर्नांदो याच्या काळात, १७४९ साली हा रस्ता झाला त्याची ती खूण. बाबा गाडीतून उतरले, दोन्ही बाजूंचा उतार बघत उभे राहिले आणि रस्त्याची आखणी कशी केली असेल यावर बोलायला लागले. ते आपणहून इतकं बोलताना मी पुष्कळ दिवसांनी ऐकत होते.

सेगोव्हियाचा रोमन जलसेतू आम्ही फोटोत पाहिलेला होता. प्रवासी पोचतात ते आसोगेखोच्या चौकात, जिथे कमानी सुमारे २८ मीटर उंच आहेत. फोटो तिथेच निघतात आणि माणसं पुढे जातात. तुम्ही आम्हाला आधी वरच्या अंगाला नेलंत. फ्रिओ नदीचं पाणी सुमारे सतरा किलोमीटरवरून यायचं आणि गावात शिरण्याआधी एका दगडी खोलीत त्यातला गाळ खाली बसायचा, ती जागा बाबांना दाखवलीत. तिथून निघालेली पाण्याची वाट सुरुवातीला साध्या बुटक्या भिंतीवरून जाते. पाण्याला हवा तेवढाच हलका उतार राखलेला आहे, पण खालची जमीन झपाट्याने उतरते, म्हणून कमानी वाढत जातात आणि पुढे एकीवर दुसरी चढते. हे खालच्या चौकात उभं राहून कळत नाही. वरून खाली येताना ते आपोआप कळतं. बाबा थोडं चालले, थोडं गाडीत बसले, पुन्हा उतरले. गुडघ्यांचं नाव नाही!

खाली आल्यावर त्यांनी ग्रॅनाइटच्या दगडांवर हात फिरवला. सांध्यात चुना नाही; दगड नुसते दगडांवर रचलेले आहेत आणि आपल्याच वजनाने सुमारे एकोणीसशे वर्षं उभे आहेत. दगडांच्या तोंडावर लहान खाचा दिसल्या. बाबा मला म्हणाले, "ही झीज नाही, या मुद्दाम पाडलेल्या आहेत." तुम्ही सांगितलंत की उचलताना लोखंडी चिमट्याचे दात धरायला त्या केलेल्या आहेत. बाबांनी बोटाने खाच चाचपली, समोरच्या बाजूची जोडखाच असणार म्हणून वाकून बघितलं आणि मग चिमट्यात दगड कसा धरला जाईल हे दोन्ही हातांनी मला करून दाखवलं. तो फोटो तुम्ही काढलात. आमच्या घरात आता तोच लावलेला आहे.

मग तुम्ही सैतानाची गोष्ट सांगितलीत. रोज चढावरून पाणी वाहून थकलेल्या मुलीशी त्याने पैज लावली, एका रात्रीत सेतू बांधायला घेतला, आणि एकच दगड राहिला असताना सूर्य उगवला. बाबा हसून म्हणाले, "आमच्याकडची देवळंही एका रात्रीतच बांधलेली असतात." पण लगेच गंभीर होऊन तुम्हाला नहर-ए-अंबरीबद्दल सांगायला लागले. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी गावासाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, जमिनीखालून पाणी आणलं; तिथे बाबांची उमेदीची वर्षं गेली. रोमनांनी पाणी लोकांच्या डोक्यावरून नेलं आणि अंबरने पायाखालून, असं ते म्हणत होते. तुम्ही मध्येच थांबवून प्रश्न विचारलेत, वाटेतली हवा कशी सुटायची ते नीट समजून घेतलंत. ऐकून घेणारं माणूस भेटलं की बाबा कसे खुलतात हे मी जवळजवळ विसरले होते.

साडेबाराला तुम्ही गाडी अल्काझार किल्ल्याच्या खालच्या कुरणाशी थांबवलीत आणि डबा उघडलात. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी! स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोनच्या आधी मिळायचं कठीण, तोवर बाबांची साखर उतरली असती, म्हणून तुम्ही पहाटे उठून ते केलं होतंत. मराठवाड्याच्या माणसाला एरेस्मा नदीच्या काठी धपाटे मिळाले, याहून मी काय सांगू? समोर एरेस्मा आणि क्लामोरेसच्या संगमावर जहाजाच्या नाळेसारखा पुढे आलेला अल्काझार, मागे १२०८ सालचं बाराकोनी व्हेरा क्रूझ चर्च. राणी इसाबेलाला १४७४ साली याच गावात राणी म्हणून जाहीर केलं, आणि १८६२च्या आगीत अल्काझारची छपरं जळून पुन्हा बांधावी लागली, हे सगळं बाबांनी बसल्या जागी ऐकलं. वरच्या बुरुजावर कोणी चढलं नाही, मीसुद्धा नाही. मला त्याची जराही खंत नाही.

आव्हिलाला पोचल्यावर जेवायला गेलो तेव्हाचं मुद्दाम लिहिते, कारण शाकाहारी लोकांनी हे ध्यानात ठेवायला हवं. तिथे नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. हॅम किंवा टूना यांना पुष्कळ जण मांसात धरत नाहीत. तुम्ही वेटरला एकेक गोष्ट नाव घेऊन विचारलीत: हॅम नको, चोरिझो सॉसेज नको, मासा नको, कालवण मांसाच्या पाण्यातलं नको. बटाट्याच्या लगद्यावर ते डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात, ते काढून घ्यायला सांगून तुमचं समाधान झालं नाही. आतही चरबी असते म्हणून तो पदार्थच रद्द केलात. शेवटी भाज्यांचा पिस्तो, वरचं अंडं वगळून, आणि तळलेल्या हिरव्या मिरच्या, पाव, चीज. बाबा पोटभर जेवले. आव्हिलाची प्रसिद्ध मिठाई अंड्याच्या बलकाची, ती मी एकटीने खाल्ली.

गावाभोवतीच्या तटावर चढायला पायऱ्या आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून तुम्ही नदीपलीकडे क्वात्रो पोस्तेसला नेलंत. तिथे गाडीतून उतरून चार पावलं गेलं की अडीच किलोमीटरचा अख्खा तट बुरुजांसकट एका नजरेत येतो. सात वर्षांची तेरेसा शहीद व्हायला म्हणून भावाला घेऊन घरातून पळाली आणि काकाने दोघांना इथे गाठलं, अशी आख्यायिका आहे. तीच पुढे झाकलेल्या गाड्यांतून कास्तियाचे हे सगळे रस्ते तुडवत सतरा मठ उभारणारी संत तेरेसा झाली. कॅथेड्रलची मागची बाजू तटातच बुरूज म्हणून बांधलेली आहे आणि तटाच्या भिंतीत रोमन कबरींचे दगड बसवलेले आहेत, हे तुम्ही दाखवलं नसतं तर आम्हाला दिसलंही नसतं.

सालामांका गाठेपर्यंत संध्याकाळ झाली होती, पण जूनमधलं ऊन भरपूर शिल्लक होतं. १२१८ साली स्थापन झालेलं विद्यापीठ, त्याच्या दर्शनी भिंतीवरच्या कवटीवरचा बेडूक, पदवी मिळवलेल्यांची भिंतींवर लाल रंगात लिहिलेली नावं, हे आम्ही भराभर पाहिलं. बाबांचं लक्ष दगडाकडे. व्हियामायोरच्या खाणीतून निघतो तेव्हा हा दगड मऊ असतो, म्हणून त्यावर एवढी बारीक नक्षी कोरता येते, आणि मग हवेत राहून तो कठीण होतो आणि त्यातल्या लोहामुळे सोनेरी दिसायला लागतो. हे ऐकल्यावर बाबा प्लासा मायोरच्या बाकावर बसले आणि मला म्हणाले, "उद्या मी खोलीवर बसणार नाही. मला जुना पूल बघायचाय."

आम्हाला हॉटेलच्या दारात सोडून तुम्ही दोनशेहून जास्त किलोमीटर एकट्या परत गेलात. दुसऱ्या दिवशी तुम्हाला कामावर जायचं होतं. डिझेलचे पैसे देखील घेतले नाहीत. मी हट्ट केला तर म्हणालात, "काकांनी मला नहरीबद्दल सांगितलं ना." ताई, मला माहीत आहे की तो हिशेब बरोबर नाही. रजा, पहाटेचा स्वयंपाक, रात्रीचा घाट, हे सगळं तुम्ही ज्यांना आदल्या दिवसापर्यंत पाहिलंही नव्हतं अशा माणसांसाठी केलंत. माझ्या वडिलांना तुम्ही दिवसभर एका अभियंत्यासारखं वागवलंत. सांभाळून न्यायचं ओझं म्हणून एकदाही नाही. हे मी कधी विसरणार नाही.

डिसेंबरात तुम्ही माहेरी येणार आहात असं म्हणालात. तेव्हा दोन दिवस आमच्याकडे राहायचंच. बाबांनी जुने नकाशे काढून ठेवलेत, पाणचक्कीपासून सुरुवात करून नहरीच्या वाटेने तुम्हाला कुठे कुठे न्यायचं त्याची यादी तयार आहे. गाडी मी चालवीन. धपाटेही मीच करीन. तुमच्या हातची चव येणार नाही, तेवढं चालवून घ्या.

बाबांचे तुम्हाला अनेक आशीर्वाद.

तुमची,
पाटबंधारे खात्यातल्या काकांची लेक