काका, त्या एका काडतुसाबद्दल थँक्यू

काका,

समोर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून शेवटी इथे लिहितोय, वाचा आणि ओरडू नका.

त्या दिवशी मी रायफल साफ करायला घेतली होती आणि तुम्ही दारातूनच विचारलंत, रिकामी आहे का. मी म्हटलं हो, आत्ताच केली. तुम्ही काही न बोलता आत आलात, आधी नळी बाजूला वळवलीत, मग बोल्ट (गोळी आत ढकलणारा दांडा) मागे ओढलात आणि चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागे गोळी बसते त्या जागेतून, एक काडतूस टुणकन उडालं, टेबलावरून घरंगळत माझ्या पायाशी. नळी ज्या भिंतीकडे होती तिच्या पलीकडे माझी मुलगी झोपली होती. मला पाच मिनिटं उभंच राहता येईना. चूक काय तर मी बोल्ट आधी ओढला, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) नंतर काढलं, म्हणजे एक गोळी बाहेर पडली आणि बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी आत जाऊन बसली. मॅगझिन आधी, बोल्ट नंतर, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं, हे तुम्ही माझ्याकडून वीस वेळा करून घेतलंत, तेव्हा राग आला होता खरं सांगतो.

आता रायफल रिकामी करूनच कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली कपाटावर अजिबात नाही, कारण मुलांना ती जागा आपल्याआधी माहीत असते (हे तुमचंच वाक्य).

शिकारीतलं तर किती सांगू. कुंपण ओलांडताना आधी रायफल रिकामी करायची, लांबचं बघायला स्कोप (रायफलवर बसवलेली नेमाची दुर्बीण) नाही, हातातली दुर्बीण वापरायची, कारण स्कोपमधून माणूस बघितला म्हणजे नळी माणसावरच रोखली ना! आणि तो टेकडीच्या माथ्यावर उभा राहिलेला प्राणी, मी नेम धरलेला, तुम्ही नुसतं खांद्यावर हात ठेवून म्हणालात, मागे आकाश आहे. चुकलेली गोळी कुठे गेली असती कोण जाणे, साधी .22 ची, म्हणजे अगदी लहानशी गोळीसुद्धा दीड मैलापर्यंत जाऊ शकते म्हणे. मागे मातीचा उतार नसेल तर मी आता बोट ट्रिगरवर नेतच नाही. बोट बाहेर सरळ ठेवायची सवय तर इतकी लागलीये की ड्रिल मशीन पण तसंच धरतो, बायको हसते.

परवा एक मित्र बंदूक दाखवायला घेऊन आला, रिकामीच आहे रे म्हणाला. मी तरी उघडून बघितली, तो जरा चिडलाच. खरंच रिकामी होती. म्हणाला, बघ, सांगितलं होतं ना. मी पण तुम्हाला तेच सांगितलं होतं काका.

आणि हो, ते काडतूस तुम्ही तेव्हा खिशात टाकलंत ते परत दिलंच नाहीत. राहू दे तुमच्याकडेच.